बाबारावांच्या सहलीची रंगीत तालीम

बाबाराव गजभिये एकाहत्तर वर्षांचे आहेत. चौतीस वर्षं ते मालगाडीचे गार्ड होते. डोंगरगड ते बिलासपूर हा त्यांचा मुलूख. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, जिथे पंखा नाही, दिवा नाही, बोलायला माणूस नाही, तिथे त्यांनी उमेदीची वर्षं काढली. म्हणून की काय, बाबारावांना कुणावर ओरडता येत नाही. घाई करायची असली की ते डावं मनगट वर उचलतात आणि घड्याळाकडे नुसतं बघतात. तेवढ्यानं रायपूरच्या गुढियारीतल्या त्यांच्या घरात सगळ्यांच्या पायांत चपला जातात.

आमची ओळख झाली ती एका अडकलेल्या पडद्यामुळे. मी रायपूरच्याच तात्यापाऱ्यातला. तरुणपणी आमच्या नाटकमंडळीत बायकांची कामं करायचो, कारण बायका मिळत नसत आणि माझी कंबर तेव्हा कंबर होती. ऐंशी साली गुढियारीच्या आंबेडकर जयंतीला आमची एकांकिका ठरली. मी तिशीला टेकलेली नायिका. पहिल्याच प्रवेशाला पडदा गुडघ्यापर्यंत वर गेला आणि थांबला. समोर हजार माणसं, आणि त्यांना दिसतायत फक्त माझे पाय. तेवढ्यात रेल्वेच्या गणवेशातला एक शिडशिडीत पोरगा बांबूवर चढला आणि त्यानं दोरीची गाठ मोकळी केली. खाली उतरून मला म्हणाला, पुन्हा अडकायला नको, मीच ओढतो. पुढे वीसेक वर्षं, ड्युटी नसेल त्या दिवशी, आमचा पडदा बाबारावांनीच ओढला. एक क्षण आधी नाही, एक क्षण नंतर नाही. याची किंमत रंगमंचावर उभं राहिलेल्या माणसालाच कळते.

तर अशा या माणसाला दोन वर्षांपूर्वी एक वाक्य लागलं. त्यांची मुलगी पूर्णिमा हैदराबादला असते. जावई संघर्ष मूळचे नागपूरचे, तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यांची एकुलती एक पायल. ती मंडळी चार दिवसांसाठी आली होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच परत निघाली. स्टेशनवर जाताना रिक्षात पायल आईला म्हणाली, "नानू के यहाँ करने को कुछ है ही नहीं." पोरगी नऊ वर्षांची, तिच्या मनात काही नव्हतं. पण नानू, म्हणजे बाबाराव, पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि माझ्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. बायकोला, शांतावहिनींनासुद्धा नाही.

मागच्या नोव्हेंबरात पूर्णिमाचा फोन आला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो, चार दिवस. बाबाराव खुलले. पण पाठोपाठ ती म्हणाली की पायल याही वेळी कंटाळली तर मी तिला पुन्हा ओढून आणणार नाही, मग तुम्हीच आमच्याकडे येत जा. शांतावहिनींच्या गुडघ्यांना तो प्रवास जमणारा नाही हे तिलाही माहीत होतं आणि यांनाही.

म्हणजे चार दिवस होते, आणि त्या चार दिवसांत अकरा वर्षांच्या नातीला आपलं शहर आवडलं पाहिजे होतं.

बाबाराव कामाला लागले. कुणाला काय आवडतं ते त्यांनी फोनवर एकेकाला विचारून घेतलं. संघर्षला जुनंपुराणं आवडतं. मूर्ती, शिलालेख, पडकी देवळं. कुठल्याही गावाला गेला की आधी संग्रहालय कुठे आहे ते विचारतो. पायल दिवसभर चपलांच्या खोक्यात खोल्या बनवत बसते. काडीचा पलंग, बटणाची थाळी, चिंधीचा पडदा. पूर्णिमा हसली आणि म्हणाली, "मले झोपायचं आहे, बाबा."

पुढचे पंधरा दिवस बाबाराव शहरभर हिंडले. मालवीय रोडच्या मागच्या गल्लीत त्यांना सुशीलभैयाचं दुकान सापडलं. आर्किटेक्चर शिकणारी मुलं घरांचे नमुने करतात, त्यांना लागणारं सगळं सामान तिथे मिळतं. कागदासारख्या पातळ लाकडी पट्ट्या, बोटभर उंचीची झाडं, नखाएवढ्या बिजागऱ्या. पंडरीत एका ठोक व्यापाऱ्यानं कापडाचे उरलेले तुकडे निवडू द्यायचं कबूल केलं. संग्रहालयाची वेळ विचारून झाली. सिरपूरसाठी गाडी ठरली. सिरपूरचे विटांचे जुने बौद्ध विहार जावयाला आपण स्वतः दाखवायचे, हे बाबारावांच्या मनात लग्नापासून होतं. अडीच हजार मालगाड्या नेल्या असतील त्यांनी, पण पाहुणा घेऊन सिरपूरला जायचं राहूनच गेलं होतं.

मग एका सकाळी ते माझ्याकडे कागद घेऊन आले. मी बघतच राहिलो. चोवीस तासांच्या घड्याळात आखलेलं वेळापत्रक होतं ते. १४.१० गुढियारीहून सुटणे. १४.३२ मालवीय रोड, थांबा पंचवीस मिनिटं. १५.१५ पंडरी, थांबा वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी १०.०० संग्रहालय, पस्तीस मिनिटं, आणि १०.३५ ला सिरपूरकडे प्रयाण. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं: पूर्णिमा, झोप, १३.०० ते १५.००.

इथे मी तोंड उघडलं, ते उघडायला नको होतं. मी म्हणालो की नवीन नाटक तालमीशिवाय लावत नाहीत. बाबारावांना ते एकदम पटलं. नव्या मार्गावर गार्डला पाठवण्याआधी रेल्वेही त्याला रस्ता दाखवून आणते. ते म्हणाले, ठीक, मी गार्ड, आणि प्रवासी तुम्ही व्हा. तिन्ही.

मला काय, दहा वर्षांनी काम मिळालं होतं. आम्ही ई-रिक्षा केली आणि निघालो. सुशीलभैयाच्या दुकानात मी पायल झालो. शाल कमरेला खोचली, पाय जुळवून उभा राहिलो आणि मोठे डोळे करून म्हणालो, अय्या, किती छान लाकूड. दोन पट्ट्या घेतल्या, एक झाड घेतलं, नानूंकडे बघून गोड हसलो आणि निघालो. मध्येच शाल डोक्यावरून घेऊन पूर्णिमा झालो आणि पायलला, म्हणजे मलाच, चल म्हणालो. सुशीलभैया गल्ल्यावर डोकं टेकून हसत होता. बाबाराव मात्र गंभीर. त्यांनी घड्याळ बघून कागदावर टिपलं: बावीस मिनिटं. तीन मिनिटं हातात राहिली. संग्रहालयात मी संघर्ष झालो. हात मागे बांधले, प्रत्येक मूर्तीपुढे वा म्हटलं आणि पुढे सरकलो. पस्तीस मिनिटांचं काम मी एकतिसात उरकलं. चौकीदार आमच्या मागेमागे फिरत होता, ती गोष्ट वेगळी.

अशा दोन तालमी झाल्या. वेळापत्रक पक्कं झालं.

डिसेंबरात मंडळी आली. पायल वीतभर उंच झालेली, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. आमची भाषा तिला सगळी कळते, पण उत्तर हिंदीत. पहिल्या दिवशी दुपारी बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही गुढियारीहून निघालो. मीही होतो. तालमीतल्या नटाला प्रयोगाचं आमंत्रण असतंच.

सुशीलभैयाच्या दुकानात पायल शिरली, आणि खरी पायल कशी असते ते मला दिसलं. ती अय्या म्हणाली नाही. पहिलाच खण तिनं उघडला, बिजागरी उचलली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग लाकडाच्या पट्ट्या एकेक करून उजेडाला धरल्या. ही वाकते का, ही का वाकत नाही, हे सुशीलभैयाला विचारलं. तोही रंगात आला आणि स्टुलावर चढून वरचे डबे काढू लागला. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा ती दुसऱ्या खणाशी होती. असे चाळीस खण होते.

बाबारावांचं मनगट वर आलं.

पायलनं बघितलं आणि खण जरा भराभर उघडू लागली. पाच मिनिटांनी मनगट पुन्हा वर आलं. पूर्णिमा दारातून म्हणाली की चल बेटा, नानू थांबलेत, अजून पंडरीला जायचं आहे. पायलच्या हातात निवडलेल्या पट्ट्या होत्या. तिनं त्या एकेक करून, जिथल्या तिथे, परत ठेवल्या.

"छोड़ो, नहीं चाहिए," ती म्हणाली.

पंडरीत ती रिक्षातून उतरलीच नाही. आम्ही घरी पोहोचलो ते ठरल्या वेळेच्या अकरा मिनिटं आधी. बाबारावांच्या गाडीच्या इतिहासात असं कधी झालं नसेल, आणि त्यांचा चेहरा इतका पडलेलाही मी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी चहाला संघर्ष मोबाइलमध्ये बघत अदबीनं म्हणाला की परवाच्या गाडीला जागा दिसते आहे, ऑफिसचंही जरा काम निघालंय, तर एक दिवस आधी निघालो तर चालेल का. बाबाराव हव म्हणाले, म्हणजे हो. छत्तीसगडी माणूस आनंदातही हव म्हणतो आणि दुःखातही. हे दुसऱ्या जातीचं होतं.

ते उठून अंगणात गेले. मी मागोमाग. त्यांनी खिशातून कागद काढला होता आणि पेन्सिल. मी विचारलं की काय करताय. ते म्हणाले की उद्या संध्याकाळी अजून एक दुकान बसते का ते पाहून राहिलो. गोल बाजारात मणी मिळतात.

तेव्हा मला बोलावंच लागलं. मी म्हणालो, "बाबाराव, दुकानं कमी पडली नाहीत. पायल चुकली. म्हणजे मी केलेली पायल."

त्यांना कळेना. मी समजावून सांगितलं. आयुष्यभर मी लोकांना बरं वाटेल असं काम केलं. प्रेक्षक जांभई देण्याआधी प्रवेश संपवायचा, हे आमच्या हाडात भिनलेलं. त्यामुळे मी जी पोरगी उभी केली ती आज्ञाधारक होती, गोड होती आणि वेळेवर निघणारी होती. तशी पोरगी फक्त नाटकात असते. आणि त्या पोरीच्या पावलांवर तुम्ही घड्याळ लावलंत.

"म्हणजे तुमी मले खोटी नात दाखवली," बाबाराव म्हणाले. रागावले नव्हते. कुठल्या डब्याचा ब्रेक धरला होता ते सापडल्यासारखं म्हणाले. मग विचारलं, "मंग खरी किती वेळ थांबली असती?"

मी म्हणालो की ते कुणालाच माहीत नाही. तिलासुद्धा नाही. रेल्वेच्या माणसाला याहून वाईट उत्तर देता येत नाही. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आत जाऊन पायलच्या ताटलीत स्वतःच्या वाटणीचा अनारसा टाकला. तिनं तो खाल्ला, पण वहीतून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही संग्रहालयात. बाहेर सिरपूरची गाडी उभी. संघर्ष मूर्तींपुढे वा वगैरे म्हणत नव्हता. चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक पाटी तळापासून वाचत होता. म्हणजे माझा तोही चुकला होता. पूर्णिमा बाकावर बसून डुलकी काढत होती. आणि पायल एका लाकडी खांबापाशी थांबली.

खांब दिसायला काही नाही. काळपट, भेगाळलेला, जुना. किरारी गावचा तलाव शंभर वर्षांपूर्वी आटला तेव्हा चिखलातून निघालेला. संघर्षनं तिला सांगितलं की यावर अठराशे वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरं कोरलेली होती. पाण्यात होती तोवर टिकली. बाहेर काढल्यावर उन्हात लाकूड वाळलं आणि ढलप्यांबरोबर अक्षरंही गळून गेली. पण त्याआधी गावच्या एका पंडितानं ती कागदावर उतरवून घेतली होती. ती लिपी त्याला वाचता येत नव्हती, तरी.

"पढ़ना नहीं आता था, फिर भी लिखा?" पायलनं विचारलं.

संघर्ष हो म्हणाला. पायल खाली फरशीवर बसली, वही काढली आणि खांब काढू लागली. भेगा, गाठी, सगळं. मधूनमधून उठायची, बोटांनी हवेतच माप घ्यायची, पुन्हा बसायची. मग तिनं वडिलांच्या मोबाइलवर त्या अक्षरांचं चित्र शोधून घेतलं आणि एकेक अक्षर उतरवू लागली.

दहा पस्तीस झाले. बाहेरून ड्रायव्हरचा फोन आला. सिरपूर लांब आहे, आता निघालं तरच उजेडात परत येणं होईल. बाबारावांनी फोन खिशात ठेवला आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यांचं मनगट वर आलं. त्यांनाही कळलं नाही ते कधी आलं.

पायलनं पाहिलं. अक्षर अर्धं सोडून तिनं वही मिटली आणि उभी राहिली. "हाँ नानू, चल रहे हैं."

रुसली नव्हती. शहाण्या मुलीसारखं म्हणाली, अगदी गोड, अगदी वेळेवर. मी केलेली पायल हुबेहूब माझ्यासमोर उभी होती, आणि सांगतो, मला ती बघवेना. बाबारावांनी माझ्याकडे पाहिलं. मग संघर्षकडे, मग दाराकडे. त्या दाराच्या पलीकडे त्यांचं सिरपूर होतं.

ते पायलपाशी गेले आणि फरशीवर बसले. एकाहत्तराव्या वर्षी फरशीवर बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही सगळे बघत होतो.

"ऐक पोट्टी," ते म्हणाले. "ड्रायव्हर केवढाबी मोठा असो, गार्डनं हिरवी झेंडी दाखवल्याबिगर गाडी हलत नाही. गार्ड कोण आहे?"

"आप."

"मी झेंडी देऊन नाही राहिलो. बस खाली. लिही."

पायलनं त्यांच्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग बसली. बाबारावांनी फोन करून सिरपूरची गाडी परत पाठवली. संघर्ष काही बोलणार होता, पण त्यांनी हात केला आणि म्हणाले की जावईबापू, सिरपूर कुठं पळून नाही चाललं.

त्यानंतर काय मजा आली ती काय सांगू. संघर्ष मोबाइलवर बघून त्या लेखाचा अर्थ वाचू लागला. त्यात राजाची स्तुती नाही, युद्ध नाही. नुसती हुद्द्यांची यादी. नगराचा रक्षक, हिशेबनीस, भांडारप्रमुख, मुदपाकखान्याचा प्रमुख, हत्तीवाला, घोडेवाला.

"बाबा, ही तर स्टाफची यादी आहे," संघर्ष म्हणाला.

बाबाराव सरसावून बसले. त्यात वाहनशाळेवरचा, म्हणजे वाहनं ठेवायच्या जागेवरचा अधिकारी निघाला तेव्हा ते म्हणाले, तो शेडवाला झाला, त्याले ओळखतो मी, चाक तुटलं का गार्डचं नाव सांगते. आणि गार्ड? संघर्षनं यादी पुन्हा पाहिली. नगररक्षक चालेल का म्हणाला. बाबारावांनी मान हलवली. तो पोलीस झाला, आमच्यातला नाही. शेवटी पायलनं आपल्या वहीत यादीच्या खाली एक हुद्दा वाढवला आणि त्यापुढे नानूंचं नाव लिहिलं. देवनागरीत, कारण ब्राह्मीत ग कसा काढायचा यावर बापलेकीचं एकमत होईना.

आम्ही दोन वाजता बाहेर पडलो. पूर्णिमाची झोप छान झाली होती. जेवून मंडळी सरळ सुशीलभैयाकडे गेली आणि त्यानं दिवे लावेपर्यंत तिथून हलली नाही. चाळीसच्या चाळीस खण झाले. संघर्षनं परवाच्या गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. मी मुद्दाम विचारलं तर म्हणाला, कुठली गाडी.

तिसऱ्या दिवशी मी गुढियारीला गेलो तर ओसरीवर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर चपलांचं खोकं, आणि खोक्याच्या दोन्ही बाजूंना आजोबा आणि नात. पायल गार्डचा डबा बनवत होती. ती विचारत होती, बसायची जागा कुठे होती, लोखंडी पेटी कुठे ठेवायचा, पाऊस आत यायचा का, दिवसभर एकटे करायचे काय. बाबाराव सांगत होते. थंडीत पायांना पोतं कसं गुंडाळायचे, डोंगरगडच्या जंगलात गाडी अडकली तेव्हा एका बाईनं भाकरी कशी आणून दिली, आणि कंटाळा आला की कसे मोठमोठ्यानं गायचे, कारण ऐकायला कुणीच नसायचं. हे मला चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. शांतावहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या की मलेबी नाही सांगितलं, अन मी तर बायको आहे. "तुमी दोघांनी विचारलं काहून नाही?" बाबाराव म्हणाले. पूर्णिमा आत खरोखर झोपली होती, अकरापासून चारपर्यंत.

मंडळी चौथ्या दिवशी संध्याकाळी निघाली. स्टेशनवर पायलनं खोकं मांडीवर धरलं होतं, कुणाच्या हातात देईना. गाडीची शिट्टी झाली तेव्हा तिनं खिडकीतून जाहीर केलं की सिरपूर राहिलंय, तर ती मे महिन्यात येणार. पूर्णिमा म्हणाली की वेडी आहेस का, मे महिन्यात रायपूरला कुणी येतं का, भाजून निघशील. संघर्ष म्हणाला की मला सुट्टीच नाही.

"तो आप लोग मत आना," पायल म्हणाली. "नानू लेने आएँगे."

गाडी हलली, खिडकी गेली, खोकं गेलं. आम्ही दोघं पुलावरून गुढियारीच्या बाजूला उतरलो. हा माणूस आयुष्यभर गाडीत बसला, पण स्वतःच्या कामासाठी नागपूरच्या पलीकडे कधी गेलेला नाही. चहाच्या टपरीवर तो थांबला. मग दोन चहा सांगितले आणि मला विचारलं,

"विनायकभाऊ, हैदराबादले स्टेशनाहून पोट्टीच्या घरी जायले काय भेटते? रिक्षा का बस?"